दोन प्रिंटा

पेनिशच्या धक्क्यामागं माझं फोटोचं दुकान.
देओलिंडा आली, मुठीत छोटा झूमवाला कॅमेरा,
पट्ट्याला मासळीचा वास.
मागोमाग भाचा, वाल्देमार :
गळ्यात मोठं धूड, पिशवीत तीन लेन्सा,
एक काढून दुसरी लावताना
वाऱ्याकडं पाठ करून उभा राहणारा.

होडी एकच. वेळही तीच, उजाडायच्या आधीची.

त्याच्या प्रिंटमध्ये जाळ्याची गाठ न् गाठ,
दोरावरचं मीठ मोजून घ्यावं.
तिच्यात नुसता रवा सांडलेला.
नखाएवढा सेन्सर, अंधारात तो तरी काय करणार?
माणसं म्हणजे चार डाग,
कडेनं जांभळट.

"मावशी, हा टाकून दे आता."
मीही मान हलवली. धंदाच माझा.

चष्मा कपाळावर सारून
ती डागांवरून बोट नेत गेली.
तिसऱ्यावर थांबली.
"पाठ धरलीय ह्याची.
डावीकडं कललाय."

वाल्देमारनं आपली प्रिंट उजेडात धरली.
काकाची सुरकुती न् सुरकुती होती तिच्यात.
कलणंही होतं,
आता दिसलं.

जाताना तिनं त्याचीच मोठी करून मागितली,
भिंतीसाठी.
डागांची दुमडून पाकिटात टाकली,
आणि विचारलं,
औषधाचं दुकान उघडलं का रे?