आटणीची पट्टी

आमचे हे उद्यमनगरात पॅटर्नमेकर.
म्हणजे लोखंडाच्या आधीचं लाकूड.
पंपाचा, पुलीचा, गिअरबॉक्सचा आकार
आधी सागवानात हे करणार,
मग तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा
आणि राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा.
चौतीस वर्षं. एकाही यंत्रावर नाव नाही.

रिटायर झाले त्याच आठवड्यात
वडणग्याच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळातून
टेम्पोनं दोन काहिली आणल्या
आणि माझ्या वांग्याच्या वाफ्याशेजारी
तोंडाला तोंड लावून बोल्ट मारले.
"हे काय?"
"यान. दुसऱ्या ताऱ्यावरनं आलेलं."
"बावड्यात?"
"मग काय पुण्यातच उतरायचं होय त्यांनी?"

मग यानाचा मालक करायला घेतला.
सात फूट उंच. देवदाराचं अंग,
दुधाच्या कॅनची मान,
डोळ्यांच्या जागी बुलेटचे हेडलाइट.
बोटं तीनच, कारण लाकूड तेवढंच उरलं.
शेजारची स्वरांगी विचारते, "आजोबा, खऱ्या मापाचा हाय?"
जो कधी नव्हताच, त्याचं खरं माप!
पण हे पेन्सिल कानावर ठेवून गंभीरपणे, "इंचाला इंच."

खोटं. पट्टी मी ओळखली,
फाउंड्रीतली, आटणीची:
फुटामागं इंचाचा आठवा भाग जादा,
कारण लोखंड थंड झालं की आटतं.
"अवो, ह्याला कुठं ओतायचंय?"
रंधा थांबला. "सवय," म्हणाले.
आणि बऱ्याच वेळानं,
"समजा, आटलाच, तर?"

उन्हात यान तापलं की
जुन्या गुळाचा वास सुटायचा.
मुंग्या शिडीनं रांगेत वर चढायच्या, आत जायच्या,
पलीकडून काहीतरी घेऊन उतरायच्या.
तेवढीच काय ती वाहतूक.
नणंद म्हणाली, एवढ्या पैशात एक खोली झाली असती.
मीही तेच म्हणणार होते,
पण ती म्हणाली, म्हणून राहिलं.

श्रावणात बंधाऱ्याकडून पाणी आलं.
रात्रीतून पायरी, कट्टा, मीटरची पेटी.
आम्ही गच्चीवर, शेगडी आणि मांजर घेऊन.
पहाटे नारळाला बांधलेला दोर ताठ झाला
आणि यान उठलं.
वीतभर. मग हातभर.
"सोडली! अगं, जमीन सोडली बघ त्यानं!"
खाली आमचा फ्रीज बुडत होता.

बोटीतली पोरं बॅटरी मारत आली.
छातीएवढ्या पाण्यात कोण उभं?
"ओ काका, घाबरू नका! हात द्या, हात!"
तो काय देतोय.
एकानं वाकून तो तीन बोटांचा पंजा धरलाच,
दोनदा ओढला.
मग बॅटरी तोंडावर.
मग कुणीच काही बोलेना,
आणि मग अख्खी बोट हसायला लागली, त्या तसल्या पाण्यात.
वरून हिंदूराव मेस्त्री ओरडले,
"आदी त्याला घ्या! आमी थांबतो!"

पाणी गेलं. यान उतरलं ते वाफ्यावरच, तिरकं.
वांगी गेली.
"सरळ तरी करा."
"लांबनं आल्यावर असंच बसतंय ते."
आणि त्याच्या छातीवरची गाळाची रेघ
मला पुसू दिली नाही.

आता यांचे शर्ट खांद्यावरून उतरतात.
टेलरनं वहीत जुन्या मापाखाली नवं लिहिलं,
मी वाचलं, बोलले नाही.
मागं उभा असलेला तो
आहे तेवढाच आहे, देवदार कुठं आटतोय.

काल संध्याकाळी थंडी होती.
यान दिवसभराच्या उन्हानं आतून ऊबदार राहतं,
मी आत बसून लसूण सोलत होते.
हे चहा घेऊन आले, आत आले नाहीत,
बाहेरून काहिलीवर टकटक केली.
"किती वाजता निघायचं?"
"एवढा लसूण होऊ दे," म्हटलं.