शेवटचं कुणी उठवलं

दोन चाळीसला पुन्हा उजेड झाला.
बंद झाकणाच्या फटीतून टेबलावर
निळसर पट्टी, आणि आतला पंखा
जिना चढून आलेल्या माणसासारखा.

मी झोपवला होता. नीट झोपवला होता.
मार्च अखेर, एकवीस वर्कशॉपांची बिलं,
सगळं सेव्ह करून झाकण लावलं ते
तान्ह्याच्या मुठीतून आपलं बोट सोडवावं तसं.
देवीचीसुद्धा शेजारती झाली की
काकड्यापर्यंत कुणी दार वाजवत नाही.
ह्याचं काय एवढं अडलंय?

पहिल्या रात्री वाटलं, अपडेट असेल.
दुसऱ्या रात्री वायफाय बंद केलं.
तिसऱ्या रात्री चार्जर काढून बॅगेत ठेवला,
सकाळी बॅग तव्यासारखी, बॅटरी शून्य.
चौथ्या रात्री साफ बंदच करून टाकला
आणि सकाळी चौदा खिडक्या पुन्हा उघडताना
कळलं, हा उपाय नव्हे, ही माघार.

राजारामपुरीत इम्तियाज शिकलगारचं दुकान.
आजोबा त्याचे कात्र्यांना धार लावायचे.
चहा संपेपर्यंत त्यानं लॅपटॉपला हात लावला नाही.
मग म्हणाला,
"ताई, झोप न्हाई असं न्हाई त्याला.
झोपतंय की. कोनतरी उठवतंय.
कोन, ते त्यालाच इचारूया."

काळ्या खिडकीत त्यानं एकच ओळ लिहिली:
शेवटचं कुणी उठवलं?

असा प्रश्न असतो, मला ठाऊक नव्हतं.
आणि यंत्र आढेवेढे न घेता
नाव सांगून मोकळं होतं.
माउस.

"रात्री माउसला कोन हात लावतंय?"
कोणीच नाही. घरात मी आणि बाबा.
बाबा तेहतीस वर्षं पॉवर प्रेसवर,
कान तिथेच ठेवून आले,
त्यांना तर ढोल वाजवला तरी जाग नाही.

त्या रात्री खुर्ची ओढून पहाऱ्याला बसले.
लॅपटॉप निजलेला. शेजारी माउस,
पोटाखाली त्याचा लाल डोळा जागाच.
उद्यमनगर शांत, कुठेतरी कुत्रं.
दोन चाळीसला खाली आयरेकरांच्या शेडमध्ये
चहाची सुट्टी संपली
आणि प्रेस पडला.
धप्प.
भिंत, फरशी, टेबलाचा आखूड पाय,
ज्याच्याखाली मी पुठ्ठा घालणार होते गणपतीपासून.
माउस केसाएवढा सरकला.
लॅपटॉप खडबडून उठला,
काय हवंय, काय हवंय म्हणत.

मीही गेलं वर्षभर ह्याच वेळेला उठतेय.
म्हटलं, वय झालं. म्हटलं, वैजनाथचा फोन येत नाही म्हणून.
संध्याकाळचा चहा सोडला, अश्वगंधा झाली,
डॉक्टर म्हणाले, विचार कमी करा.
कुणी उठवलं, हे एकदाही विचारलं नाही.

इम्तियाजनं दाखवलेली चौकट शोधली:
ह्या उपकरणाला उठवण्याची परवानगी.
बरोबरची खूण काढली.
पुठ्ठाही घातला, चार पदरी.
पुन्हा धप्प झालं. पुन्हा धप्प.
झाकणाच्या फटीत अंधारच.

मग पाणी प्यायला उठले तर आतल्या खोलीत
बाबा कुशीवर, तोंड उघडं, गाढ.
फक्त उजव्या हाताचा अंगठा
एकेक पेर चढत होता,
प्रत्येक धप्पला एक.
बारा झाले की पुन्हा पहिल्यापासून.
कान नाहीत. पलंगाच्या लाकडातून येत असावं.

उंबऱ्यावर बसून मीही मोजायला लागले त्यांच्याबरोबर.
दोनशे चौदापर्यंत आठवतंय.

सकाळी आयरेकरांचं चलन आलं.
रात्रपाळी, नग एकशे ऐंशी.
मी पेन्सिलनं कडेला बारीक टिंब दिलं
आणि बाबांना खुणेनं विचारलं, झोप लागली का?
ते म्हणाले, कालचा माणूस नवा होता,
हात जड आहे त्याचा.