तिवरांची मोजदाद

आज ओहोटी पहाटे चारला.
अल रम्सच्या मशिदीतून बांग येण्याआधीच
आम्ही चिखलात उतरलेलो:
मी, नेपाळचा धनबीर,
आणि गोणीभर ॲल्युमिनियमचे बिल्ले.

एका झाडाला एक बिल्ला.
तार सैल गुंडाळायची, साल कापता कामा नये,
असं नियमावलीत आहे.
पुढल्या महिन्यात जी तोडायची
त्यांच्या सालीची ही काळजी!

पहिल्या दिवशी मग्दीसाहेब म्हणाले, "कुर्म मोज."
मी तासभर कासव शोधत राहिलो.
इथं तिवराला कुर्म म्हणतात, धनबीरनं सांगितलं,
आणि हसता हसता स्वतःच गुडघाभर रुतला.
मला मात्र नाव पटलं.
पाठीवर डोंगर झेलणारा तो,
मुळांवर किनारा तोलणारी ही.
एकाच कुळातली असावीत.

खाडीच्या तोंडाशी ड्रेजर नांगर टाकून उभा.
नारिंगी दिवा, रात्रंदिवस.
त्याचं मंथन सुरू झालं की वर येईल
बोटींचा धक्का, निळ्या काचांचं हॉटेल,
समुद्राकडे तोंड केलेल्या बाल्कन्या.
विष कुणाच्या वाट्याला, ते निविदेत नाही.

मी आचऱ्याच्या खाडीवरचा तारी.
आमच्या चुलीत तिवरच जळायचं.
कोळंबीच्या तळ्यासाठी बाबांनी एका उन्हाळ्यात
अख्खी पट्टी साफ केली,
कोयता धुऊन ठेवला तो मीच.
पुढल्या उधाणानं आधी बांध नेला,
मग तळं, मग विहिरीचं गोड पाणी.
म्हणून प्रवचन माझ्या तोंडी शोभत नाही.
मी मोजतो.

फोनवर आई म्हणाली,
"थंयसर पण तिवरां? मगे कुर्ले आसतले."
आहेत गं. पायाखालून चिखल टकटक बघत असतो.
पानाच्या पाठीवर मीठ येतं, तसंच,
चाटून पाहिलं मी, कुणी नसताना.

आज खमीसची होडी आली.
ऐंशीच्या घरातला माणूस, तारेचे गरगूर टाकतो,
तरुणपणी मुंबईला खजूर घेऊन जायचा,
हिंदी तिथलीच.
"कितना हुआ?"
सहाशे बारा.
"और जो रात को सोने आता है, वो?"
मी कागद चाळला.
क्रमांक, उंची, घेर, अवस्था.
सोने आता है, असा रकाना नव्हता.

सहाशे तेरावं झाड म्हातारं.
दोन मीटरच्या वर, म्हणजे हलवता न येणारं,
म्हणजे 'क' वर्ग, म्हणजे करवत.
खोडात मुठीएवढी ढोली.
बिल्ला बांधायला हात वर केला
आणि आतून निळं काहीतरी
कानाला वारा लावून गेलं.
खंड्या.
मागे ढोलीत बारीक, कोरडा चिवचिवाट,
कुणी काड्यापेटी हलवावी तसा.

कंटेनरमधल्या ऑफिसात बसून
शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं:
'ढोलीत पिल्लं. बहुधा तीन.'
मग हात थांबेना.
चारशे दहा: खाली माशांची पोरं, अगणित.
दोनशे सात: राखी बगळा, एका पायावर, आम्ही जाईपर्यंत.
नव्वद: काही नाही, पण सावली चांगली.

मग्दीसाहेबांनी पडद्यावर पाहिलं,
बराच वेळ पाहिलं.
"तारी," म्हणाले, "हा रकाना छापून येत नाही."
मला माहीत होतं.
पुसलं नाही त्यांनी. चहा मागवला.

आता भरती.
बुडालेले बिल्ले गप्प, वरचे वाऱ्यानं वाजतायत.
धनबीरला ते गावाकडच्या देवळातले वाटतात.
मला गुरांच्या गळ्यातले.
संध्याकाळी घरी परतणाऱ्या,
की बाजाराला निघालेल्या,
नुसत्या आवाजावरून कळत नाही.