नमुना आठ, मग नमुना सात

मतदान रविवारी झालं.
सोमवारी वर्गात शिरले तर फळ्यावर
‘केंद्र क्र. ३, स्त्रिया डावीकडून’,
आणि माझ्या टेबलावर शाईचा डाग,
रॉकेलनंही न निघणारा.

आठवीला म्हटलं, निवडणुकीवर लिहा.
एकतीस वह्या आल्या.
बावीस वह्यांत पहिलं वाक्य ‘लोकशाहीचा महान उत्सव’,
एकाच मोबाईलमधून चुकांसकट उतरलेलं.
मोबाईलला काय बोलायचं,
डी.एड.ला मीही हाच उत्सव लिहून
दहापैकी आठ घेतले होते.

रात्री पाण्याच्या टाकीच्या सातव्या पायरीवर बसले.
रेंज तिथंच येते. खाली केळीत मोटार चालू,
पलीकडे सातपुड्याचा नुसता काळा काठ.
उतरवून घेतलं: मागच्या तीन निवडणुकांचे आकडे,
एकाच सभेच्या चार बातम्या
(एकीत गर्दी ‘प्रचंड’, दुसरीत ‘तुरळक’),
आणि आमच्या वॉर्डाची मतदार यादी.
चोपड्याला झेरॉक्स काढल्या, पानाला दोन रुपये.
दुकानदार म्हणाला, बाई, तुम्हीही उभ्या राहताय का?

मुलांना सांगितलं, आज ‘महान’ बंद.
‘प्रचंड’ बंद.
जे दिसलं तेवढंच.
आणि कुणाला सांगताय, ते वर लिहा.

नम्रता चौधरीनं सभेचं मैदान पावलांनी मोजलं,
बावन्न लांब, एकतीस रुंद, मधे हातपंप.
खाली लिहिलं, बाई, यात ‘प्रचंड’ मावत नाही.
अरमान तडवीचं सगळं मिळून दोन ओळी:
घरात पाच मतं आणि सहावा मी.
माझ्याशी कुणी हात मिळवला नाही.
हितेश कोळीनं आधी विचारलं, आपली बोली चालंल का,
मग लिहिलं:
‘आम्हनी रिक्षावर सकायले कपबशी,
दुपारले शिलाई मशीन. भोंगा एकच शे.
रातले मना बाप काहीच बोलना नही.’
‘शे’खाली रेघ मारायला लाल पेन उघडलं होतं.
टोपण लावून टाकलं.

रिंकी बारेला शेवटच्या बाकावर.
तिचं बोट यादीवरून उतरत उतरत
चारशे बारावर थांबलं
आणि तास संपेतोवर तिथंच होतं.
दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर आणलं:

‘प्रति, केंद्रस्तरीय अधिकारी.
चारशे बारा नंबरला माझी आई आहे.
ती दोन वर्षांआधी पोळ्याच्या आठवड्यात वारली.
यादीत रुक्मिणीबाई छापलंय.
आमच्या घरात रुक्मिणीबाई कोणी नव्हती.
नाव कमी करायला नमुना सात लागतो,
दुरुस्तीला आठ. मी मोबाईलवर शोधलं.
तर आधी आठ भरून घ्या,
मग सात.
कारण वारली ती रुमलीबाई.’

ऱ्हस्व-दीर्घ दोन ठिकाणी चुकलेलं.
मी ते पाहिलं, खोटं कशाला बोलू.
मग पुन्हा वरची ओळ वाचली.

या केंद्राची ती अधिकारी मीच.
सहा वर्षांमागे, मे महिन्यात,
रजिस्टर घेऊन पाड्यावर गेले होते.
डोक्यावर ओला रुमाल,
अजून एकोणीस घरं बाकी.
ओट्यावरून एका बाईनं नाव सांगितलं,
बहुतेक दोनदा सांगितलं.
मला जे ओळखीचं वाटलं
ते मी लिहिलं.

आधी आठ मग सात, नियमात बसत नाही.
तहसीलमधला माणूस फोनवर हसला,
म्हणे मेलेल्याची दुरुस्ती कोण करतं मॅडम.

रिंकीच्या कागदावर मार्क कुठं द्यायचे?
डाव्या कोपऱ्यात लिहिलं, ‘अर्ज मिळाला’.
खाली तारीख, खाली सही,
पूर्ण नावानं, नेहमीची फराटी नाही.

तिनं कागद उलटून पाहिला,
सुलटून पाहिला.
बाई, म्हणाली,
शिक्का?