ठिपका

सर्व्हिसला गाडी द्यायच्या आदल्या रात्री
पोरीच्या डब्यातली नेलपॉलिश घेतली
आणि ऑईल फिल्टरवर दिला एक ठिपका,
खालच्या कडेला, सहज दिसू नये असा.
शर्वी म्हणाली, पप्पा, गाडीला नखं असतात का?
म्हटलं, बघू.

बावीस वर्षं पतसंस्थेत व्हाउचर तपासतोय.
लोक सही बघून माणूस ओळखतात,
मी माणूस समोर उभा असला तरी
सही पुन्हा एकदा ताडून बघतो.

शोरूममध्ये गार हवा, फुकट कॉफी.
काचेतनं बघायचं, आत जायचं नाही.
आत जायला हेल्मेट लागतं म्हणाले.
माझ्या हातात हेल्मेटच होतं.

संध्याकाळी गाडी आली, न्हाऊन माखून,
टायरला काळं पॉलिश.
कागदावर सत्तावीस खुणा, एका दमात ओढलेल्या,
सगळ्या एकाच बाजूला कललेल्या.
फिल्टर : बदलला. त्याची किंमत. त्यावर कर.

शाहूपुरीतल्या आमच्या बोळात
फरशीला गाल लावून मोबाईलचा उजेड मारला.
ठिपका होता.
गुलाबी, जरा तेलकट,
जिथं दिला होता तिथंच.

दुसऱ्या दिवशी भांडायला गेलो.
फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर तो पोरगा भेटला,
खुणावाला. प्रज्योत. कागलहून येतो एसटीनं.
पाव चहात बुडवत म्हणाला,
'काका, दिवसाला एकवीस गाड्या येत्यात.
एकीला चाळीस मिनिटं, धुणं त्यातच.
फिल्टर खोलू का टायर चमकवू?
गिराईक टायर बघतंय.'
मी पण आधी टायरच बघितला होता.
चहाचे पैसे मी दिले
आणि न भांडता परत आलो.

मग रविवार. लक्ष्मीपुरीतनं आणलेला पाना-संच,
मोबाईलमधला एक गुरुजी, बायकोची परात.
(आता ती परात गाडीची.)
तेल उतरलं काकवीसारखं, काळं, सावकाश.
फिल्टर नवा. वॉशर नवा. हात माझे.
कुणावर विश्वास टाकायचा प्रश्नच नाही.
ड्रेन प्लग आवळला. अजून जरा, म्हटलं.
अजून जरा.
उगाच राहायला नको.
आणि पाना एकदम हलका झाला हातात,
लोण्यात फिरवावा तसा.

आटे गेले.
माणसाचे गेले की हसतो आपण.

आता तक्रार लिहायची कुणाच्या नावानं?
मालक मी, मिस्त्री मी, तपासणारा मी.
सत्ताविसाव्या खुणेवर सही माझी.

छोट्या हत्तीत घालून गाडी नेली उद्यमनगरला.
बाबालाल शिकलगारांचं दुकान म्हणजे
एक लेथ, एक स्टूल आणि लोखंडाच्या किसाचा वास.
म्हातारा खाली बसला, डोळे मिटले,
भोकात करंगळी फिरवली,
लहान लेकराच्या हिरडीवर
दात आलाय का चाचपावं, तशी.
'कुणी आवळला?'
मी गप्प.
'शोरूमवाल्यानं?'

हो, म्हणालो.

बावीस वर्षांत एक खोटं व्हाउचर
माझ्या हातनं पास झालं नव्हतं.

बाबालालनी बोट फडक्याला पुसलं.
'त्यांचा हात असा नसतोय.
ते घाईत असत्यात, ढिलं सोडत्यात.
इतकं आवळतोय तो मालकच.'
आणि टॅप शोधायला आत गेले,
परत माझ्याकडं न बघता.

तासाभरानं बुश बसला. नवे आटे.
प्लग त्यांनी माझ्याकडूनच लावून घेतला.
माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून उभे राहिले,
आणि एका जागी म्हणाले, 'बास.'
मला अजून थोडं आवळायचं होतं.
बास, म्हणजे बास.

अडीचशे रुपये. पावती नाही.
मी मागितलीही नाही.

रात्री शर्वीला बाटली परत केली.
ब्रश बघून म्हणाली, ह्याला तेल लागलंय.
लागलंय खरं.