हातचा

सातपूरच्या आमच्या शाळेची मागची भिंत
ही पलीकडच्या प्रेसशॉपचीही मागची भिंत.
दिवसभर धप्प. जरा थांबून पुन्हा धप्प.
एकोणीस वर्षांत मुलांची नावं विसरले, ही धप्प नाही.

प्रशिक्षणात देवरे सर म्हणाले होते,
प्रश्न विचारलात की थांबा.
लगेच उत्तर देऊन मोकळं होऊ नका.
किती थांबायचं, कुणीतरी विचारलं.
अवघडल्यासारखं होईल, सर म्हणाले,
त्याच्याही थोडं पुढे.
आम्ही वहीत उतरवून घेतलं. मग चहा आला.

आज अठ्ठावीस अधिक सतरा.
आठ नि सात पंधरा, पाच मांडले, हातचा एक,
तोंडाला सवय आहे, तोंड बोलून गेलं.
तिसऱ्या बाकावरून रेवती गांगुर्डेने
माझ्या हाताकडे पाहिलं.
"बाई, कुणाच्या हातातला?"

वर्ग हसला. मीही हसणार होते,
असंच म्हणतात गं, हे ओठावरच होतं.
तेवढ्यात धप्प.
मी खडू ठेवला. "तुला काय वाटतं?"
धप्प.
कुणाची तरी पाण्याची बाटली घरंगळली.
धप्प.
अवघडले. आणखी एक धप्प जाऊ दिली.

"घरी मम्मी वायसर मोजते," ती म्हणाली, बाकाला सांगितल्यासारखी,
"दहा झाले की पुडी.
पुडी बांधली की ती सुट्या ढिगात नाही ठेवायची,
शेजारच्या खोक्यात टाकायची.
तो हातचा म्हणजे पुडी आहे का?"

"मग तो एक नाहीच!"
सुफियान उभाच राहिला, चिडून,
"बाई, तो दहा आहे!"
जणू इतके दिवस मी चोरून ठेवला होता.

चोरला नव्हता रे.
निफाडच्या शाळेत मला तो असाच मिळाला,
बांधलेला,
आणि आत काय आहे ते न बघता
मी वर्गामागून वर्गाला देत आले.

पुढचं गणित: छत्तीस अधिक एकोणतीस.
रेवतीने मांडलं, पंचावन्न.
सुफियानचा हात वर, अख्खा बाक हलवत.
मी त्याला डोळ्यांनीच थांबवलं.
ती फळ्याकडे बघते, मग स्वतःच्या मुठीकडे.

धप्प.