आठ घरं, एक टिंब, तीन घरं

आंत्सिराबेच्या प्रसूतिगृहात, मागच्या खोलीत,
जिथं जूनमध्ये कळफलकावर बोटं आखडतात,
नवा संगणक आला त्या वर्षी मी पहिल्यांदा
बाळांची नावं पुरती लिहिली.
आधीच्या यंत्राला रोमन लिपीतली आठच अक्षरं चालायची.
आठ घरं, एक टिंब, तीन घरं.
आठ अक्षरांत आमच्याकडं बहुतेक वेळा
नुसता घसा खाकरून होतो.

नव्याला सगळं चालायचं. मी लिहीत गेले:
राकोतोमालाला, लाडका.
राकोतोझाफी, नातू.
राकोतोआरिवेलो. याची आधीची दोन भावंडं गेली,
म्हणून शेवटी ‘वेलो’, जिवंत.
इथं बापाचं नाव पोराला चिकटतंच असं नाही,
ज्याचं त्याला नवं, तान्ह्याकडं बघत बघत रचलेलं.
मी दोनदोनदा विचारून घ्यायचे.
फाईलच्या आत वजन, तारीख, आईचं गाव.
नाव दारावरच होतं,
ते आत पुन्हा कशाला लिहायचं?

शुक्रवारी फ्लॉपी बेताफोला निघायची
टॅक्सी-ब्रूसवाल्याच्या खिशातून, सिगारेटच्या पाकिटाला घासत,
लसीच्या दवाखान्यात, रालाइमिहोआत्रांच्या टेबलावर.
त्यांच्या नावाचा अर्थ, मापापलीकडं गेलेला.
यंत्र मात्र त्यांचं जुनंच.

सोमवारी फोन आला. ते ओरडत नव्हते,
ते कधीच ओरडत नाहीत, म्हणून मी खुर्चीतून उठले.
“बाई, तुम्ही एकच मूल
मला एकोणीस वेळा पाठवलंय.”

मग वाचून दाखवलं, सावकाश, हजेरी घेतल्यासारखं:
राकोतो, एक गांडुळासारखी रेघ, एक.
राकोतो, रेघ, दोन.
राकोतो, रेघ, तीन.
नवानंतर यंत्राला जागा पुरेना,
दहासाठी त्यानं शेवटचा ‘ओ’ खाल्ला.
राकोत, रेघ, दहा.

म्हणजे आम्ही जितके जास्त
तितकं नाव आखूड.

लाडका गेला, नातू गेला, जिवंत गेला.
एकटा राकोतोबे धडधाकट पोचला,
मोजून आठ. ‘बे’ म्हणजे मोठा.
राकोतोवाओ, नवा,
एका अक्षरानं हुकला.

तांतेली, आमचा यंत्रं दुरुस्त करणारा पोरगा, म्हणाला,
नावं हरवली नाहीत ताई, आहेत तिथंच,
जुन्या डोळ्याला दिसत नाहीत एवढंच.
हे त्यानं चहा पीत सांगितलं.
मी सगळं पुन्हा नव्या फ्लॉपीवर चढवून पाठवलं,
आणि यावेळी कालचा चार
आज सात झाला होता.
जो आधी चढला त्याला आधीचा आकडा.
तोवर रालाइमिहोआत्रांनी कार्डांवर शिक्के मारले होते,
चारला लस दिली, सात बाकी.

गुरुवारी मीच वही घेऊन गेले.
बाकावर आया, पाठीला लांबांत बांधलेली पोरं,
बाहेर गाजरांच्या पाट्या, ओली माती.
एकेकीला म्हटलं, नाव सांगा, पूर्ण.
त्या सांगत होत्या आणि रालाइमिहोआत्रा
पेन्सिलीनं लिहीत होते,
ओळ संपली की खालच्या ओळीत, तिथून समासात.
एकीनं विचारलं, यंत्रात माझा कितवा?
मी सांगितलं, सात. किंवा चार.
ती हसली नाही.
“आरिवेलो,” म्हणाली, “शेवटचं नीट लिहा.”

ऑगस्टमध्ये आम्ही काकांना थडग्यातून बाहेर आणलं,
नवं रेशीम गुंडाळायला. बॅंड होता, भात होता,
डुकराचं मटण, आणि दारूनं हळवे झालेले मेहुणे.
आत सगळे सारखेच दिसतात,
म्हणून कापडावर नाव घालावं लागतं.
आत्यानं जाड निळं पेन घेतलं.
एकवीस अक्षरं. मी मोजली, सवय लागलीय.
चौदाव्यावर काठ आला.
तिनं पेन तोंडात धरलं,
कापडाचा काठ उलटा केला
आणि मागच्या बाजूला
उरलेलं लिहायला घेतलं.